दर पावसाळ्यात मुकी होणारी जुनी इलेक्ट्रिक गिटार: पार्ट बदलण्याआधी हे बघा

लक्षण असं असतं. जूनभर गिटार ठीक वाजते. जुलैत आठ-दहा दिवस सूर्य दिसला नाही की एका संध्याकाळी मधल्या पिकअपचा (पिकअप म्हणजे तारांचा कंप टिपणारं, चुंबकांभोवती गुंडाळलेलं तारेचं वेटोळं) आवाज बारीक होतो, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा. मग खरखर सुरू होते. मग अचानक आवाज पूर्ववत होतो आणि मालकाला वाटतं, गेलं दुखणं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुकानात नेली की जॅक, म्हणजे केबल खोचायचं भोक, बदलून मिळतो. ऑक्टोबरचं ऊन पडलं की गिटार आपली आपण सुधारते आणि श्रेय जॅकला जातं. पुढच्या जुलैत पुन्हा दुकान, या खेपेला पिकअप निवडायचा स्विच. त्याच्या पुढच्या जुलैत पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा भाग. पाच-सहा पावसाळ्यांत गिटारीतलं निम्मं मूळ सामान कचऱ्यात जातं आणि दोष होता तिथेच राहतो.

मी नारायण पेठेत राहतो. नोकरी संपल्यापासून गॅलरीत टेबल टाकून लोकांचे ॲम्प आणि गिटारी उघडत बसतो. मागच्या जुलैत फेंडर कंपनीची एक स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) आली, तिच्या निमित्ताने हे सगळं सविस्तर लिहितोय. गिटार आप्पांची. वय अठ्ठ्याहत्तर, एके काळी ऑर्केस्ट्रात लीड वाजवायचे. १९८१ साली कोरेगाव पार्कातल्या आश्रमातून परत मायदेशी निघालेल्या एका परदेशी माणसाकडून त्यांनी ती घेतली, त्यासाठी राजदूत मोटरसायकल विकली. घरच्यांनी ती गोष्ट अजून माफ केलेली नाही. आता वाजवतो नातू. त्याच्या कॉलेजचं फिरोदिया करंडक स्पर्धेचं नाटक बसतंय आणि गिटार जुलैपासून रुसलेली. शेवटच्या दुकानाने सांगितलं होतं, तिन्ही पिकअप गेलेत, नवा सेट टाकावा लागेल.

पोरगा म्हणाला, "काका, सगळी वायरिंगच नवी टाकू या ना. एकदाची कटकट मिटेल."

त्याला बसवलं, चहा दिला आणि आप्पांना फोन लावला. माझा अनुभव असा की जुन्या वाद्याचा निम्मा दोष मालकाच्या आठवणीत सापडतो.

आप्पा म्हणाले, "अरे, गणपतीत ती रुसायचीच. आम्ही विंगेत दोनशेचा दिवा लावून शेकायचो तिला. पंधरा मिनिटांत बोलायला लागायची."

मीटर हातात घ्यायच्या आधीच एवढं कळलं: ऊब दिली की दोष जातो, दमट हवेत परत येतो. जॅकच्या ढिल्या पत्तीला दिव्याची ऊब काही करत नाही. जॅक ढिला असेल तर तो मे महिन्यातही खरखरतो.

तेव्हा पहिला प्रश्न ऋतूचा. पुण्यात खरखरीचे दोन हंगाम आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दुपारी पिकगार्डवर, म्हणजे तारांखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यावर, बोट किंवा शर्टाची बाही घासली की चटचट आवाज येतो. ती स्थिर वीज. टेरिकॉटचा शर्ट काढताना येते तीच. पिळून घेतलेल्या ओल्या फडक्याने पिकगार्ड पुसलं की तेवढ्यापुरतं थांबतं. त्यासाठी गिटार उघडू नका. पावसाळ्यातली खरखर घासण्याने येत नाही, ती वाजवता वाजवता येते आणि तिच्यासोबत आवाजही बारीक होतो. हे आवाज बारीक होणं लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न घराच्या विजेचा. गुरगुर आणि खरखर या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. तारांना हात लावल्यावर गुरगुर कमी होत असेल तर गिटारीचं अर्थिंग शाबूत आहे, आवाज बाहेरून येतोय: ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, आणि लाइट गेल्यावर चालू झालेला स्वस्तातला इन्व्हर्टर. तारांना हात लावल्यावर वाढत असेल तर मागच्या स्प्रिंगांच्या पट्टीला जोडलेली वायर तुटली आहे किंवा कुणीतरी आतली जोडणी उलटी केली आहे. पेठेतल्या जुन्या वाड्यांत तिसरी पिनच नसलेले सॉकेट अजून आहेत. अशा ठिकाणी ॲम्प लावून एक हात तारांवर आणि ओठ माइकवर ठेवले तर शॉक बसू शकतो, तोही ओठांना. हे गिटार दुरुस्त करून सुटत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा, कोळसा-मीठ भरून नीट अर्थिंग करून घ्या. आणि कुणी तिन्ही पिनांतली अर्थची पिन कापून टाकायचा सल्ला दिला तर त्याच्याकडून काहीच दुरुस्त करून घेऊ नका.

आता मीटर. दोनशे-तीनशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतो. आधी दुसरी, खात्रीची लीड, म्हणजे गिटार ते ॲम्पची केबल, लावून बघा. पाच तक्रारींतली एक इथेच संपते. लीड ठीक असेल तर ती गिटारीत खोचा, ॲम्पमध्ये नाही. लीडच्या मोकळ्या टोकाला मीटरचे दोन काटे लावा, एक पिनच्या शेंड्याला, दुसरा बुडाला. व्हॉल्यूम पूर्ण उघडा. स्विच एकेका पिकअपवर टाका आणि आकडे लिहून घ्या. स्ट्रॅटच्या जुन्या पिकअपचा आकडा साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहममध्ये असतो. गिटार उघडायची गरज नाही, एक स्क्रू हलवायचा नाही.

आप्पांच्या गिटारीचे आकडे आले ते असे: गळ्याकडचा ५.७, ब्रिजकडचा ५.९, मधला ४७०.

हा ४७० बघून पोरगा घाबरला. पण यातच सगळं आलं. पिकअपची तार कुठेतरी तुटली की मीटरला तिच्यातून वाट मिळत नाही, मग तो तिला समांतर जोडलेला व्हॉल्यूम पॉट तेवढा मोजतो. म्हणजे मधला पिकअप आतून तुटला आहे. आवाज पूर्ण बंद का नाही? कारण तुटलेल्या दोन टोकांमधूनही थोडा तीव्र स्वर झिरपतो, खर्ज झिरपत नाही. पत्र्याच्या डब्यातला आवाज तो हाच. दुसरी गोष्ट, स्ट्रॅटमध्ये व्हॉल्यूम पॉट २५० किलोओहमचा असतो. ४७० वाचन आलं म्हणजे आत ५०० चा पॉट बसलाय. तो हंबकर, म्हणजे दुहेरी वेटोळ्यांच्या, पिकअपच्या गिटारींचा. नातू म्हणत होताच की दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीनंतर आवाज बोचरा झाला.

इथे एक सावधगिरी. मेमधला आकडा आणि डिसेंबरातला आकडा सारखे येणार नाहीत. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. पंधरा अंशांचा फरक असेल तर ५.६ चा ५.९ होतो. त्यावरून कुणी "पिकअप बदललेला आहे" म्हणत असेल तर त्याला तापमान विचारा.

यानंतरच गिटार उघडायची. उघडायच्या आधी फोटो. पिकगार्ड उलटल्यावर पुन्हा फोटो, प्रत्येक डागाचा जवळून. डाग म्हणजे सोल्डरचा डाग. माझ्याकडून एक चूक पूर्वी झाली आहे. चाळीस वर्षांपूर्वी मामाच्या जपानी गिटारीचं सगळं पोट मी एका दुपारी नवं केलं आणि जुने पॉट, कपॅसिटर, वायरी रद्दीवाल्याला दिल्या. आवाज फारसा सुधारला नाहीच. पण ती गिटार कोणत्या साली झाली हे सांगणारा एकमेव कागद मी फेकून दिला होता, हे कळायला वीस वर्षं लागली.

कागदच म्हणतो मी त्याला. पॉटच्या पत्र्यावर आकडे कोरलेले असतात. आप्पांच्या गिटारीत दोन्ही टोन पॉटवर १३७७६३३ होतं. हे असं फोडायचं: १३७ म्हणजे सीटीएस ही बनवणारी कंपनी, ७६ म्हणजे १९७६, ३३ म्हणजे त्या वर्षाचा तेहतिसावा आठवडा, ऑगस्टचा मध्य. सुरुवात ३०४ ने असेल तर स्टॅकपोल, १३४ ने असेल तर सेंट्रलॅब. पन्नाशीच्या दशकातल्या पॉटवर सहाच आकडे सापडतात, कारण तेव्हा वर्षाला एकच आकडा देत. मात्र हा जन्मदाखला पॉटचा आहे, गिटारीचा नव्हे. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा एवढा साठा भरून ठेवला होता की पुढच्या दोन-तीन वर्षांच्या गिटारींतही १९६६ चेच पॉट निघतात. पॉट गिटारीपेक्षा जुना असू शकतो. गिटारीपेक्षा नवा निघाला तर तो नंतर बसवलेला, एवढं पक्कं.

आप्पांच्या गिटारीच्या डोक्यावरचा क्रमांक एस-७ ने सुरू होतो, म्हणजे १९७७. पॉट १९७६ च्या ऑगस्टचे. जुळतं. मानेला मागून तीनच बोल्ट आहेत, चार नाहीत; स्ट्रॅटवर ही पद्धत १९७१ ते १९८१ या काळातली. पिकअपचे सहाही चुंबक एका पातळीत आहेत, खालीवर नाहीत. १९७४ च्या सुमारास फेंडरने खालीवर करणं बंद केलं होतं. हेही जुळतं. आणखी एक खूण मला फार आवडते. त्या काळात अंगाला आणि मानेला जाड पॉलिस्टरचा थर असायचा, पण डोक्याच्या दर्शनी भागावर, जिथे नाव चिकटवलेलं असतं तिथे, नायट्रोसेल्युलोज लाख. ती वर्षागणिक पिवळी पडते. म्हणून डोकं तुपासारखं पिवळं आणि मान त्यामानाने फिकी दिसते. नवख्या खरेदीदाराला वाटतं डोकं नंतर रंगवलंय. खरं तर दोन्ही एकसारखं दिसलं असतं तर शंका घ्यायला हवी होती.

मानेच्या टाचेवरही शिक्का असतो. तो बघण्यासाठी मान सोडवू नका. म्हणजे आयुष्यात एकदा सोडवा, फोटो काढा, फोटो गिटारीच्या केसमध्ये ठेवा. दर मालकाने आपली हौस भागवली की लाकडातले आटे झिजतात आणि तीन बोल्टची मान आधीच जरा हलकी असते. बाजूला सरकली की बारकी तार कडेवरून घसरायला लागते, आणि मग लोक ब्रिज बदलायला निघतात. बोल्ट घट्ट करून बघा आधी.

आता दोषाकडे. मधला पिकअप उलटा केला. खाली व्हल्कनाइज्ड फायबरची पट्टी, तिच्यात दोन पितळी आयलेट, म्हणजे बारक्या पोकळ कड्या, त्यांना पांढरी आणि काळी वायर डागलेली. गळ्याकडच्या आणि ब्रिजकडच्या पिकअपवरचे डाग छोटे, करडे, जरा मळके, एकसारखे. कारखान्यातल्या एकाच हातचे. मधल्याचा काळा डाग तसाच. पण पांढऱ्या वायरचा डाग मोठा, गोळा झालेला, आणि त्याच्या कडेने हिरवट बुरशीसारखी खपली. ती बुरशी नव्हे. तांब्या-पितळेचा कळंक.

पुन्हा फोन. "आप्पा, हिचं पोट कधी कुणी उघडलं होतं का, फार पूर्वी?"

थोडा वेळ गेला, मग आठवलं. नव्वदच्या आसपास तालुक्याच्या गावी प्रोग्रॅम होता. पावसात मांडव गळत होता, पाणी शिरलं म्हणून गिटार घाईत उघडली, त्यात वायर उपटली. गावातल्या रेडिओवाल्याला उठवलं. त्याने बाटलीतलं पाणी लावून डाग दिला आणि रात्रीचा प्रोग्रॅम पार पडला.

हे बाटलीतलं पाणी म्हणजे पत्र्याच्या डब्यांना डाग देताना वापरतात ते जस्त-क्लोराइड. पत्र्याला उत्तम. पण ते हवेतली ओल खेचून घेतं आणि धातू खात राहतं. पिकअपची तार ०.०६३ मिलिमीटर जाडीची असते, केसाएवढी, आणि एका पिकअपवर तिची सात-साडेसात हजार वेटोळी. आयलेटपाशी या तारेचं शेवटचं टोक असतं. उन्हाळ्यात सगळं सुकून टोक कसंबसं टेकलेलं राहतं. पावसाळ्यात खपली ओली होते, फायबरची पट्टीही ओल पिऊन फुगते, आणि टोक सुटतं. दिव्याने शेकलं की परत टेकतं. तीस-पस्तीस वर्षं ही तार पावसाळा पावसाळा करत खाल्ली जात होती, आणि दुकानदार तिच्यापासून एक वीत अंतरावरचे जॅक आणि स्विच बदलत होते. त्या रेडिओवाल्याला मी दोष देत नाही. त्या रात्री त्याने प्रोग्रॅम वाचवला. पण इथे गिटारीच्या वयाचा काही संबंध नव्हता, कारखान्यातून आलेल्या एकाही डागात बिघाड नव्हता. बिघाड पहिल्या दुरुस्तीत होता. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गिटारींत हे इतक्यांदा दिसतं की आता मी दोष शोधताना मूळचं सामान सगळ्यात शेवटी तपासतो आणि परकं दिसणारं सगळ्यात आधी.

म्हणून डाग वाचायला शिका. कारखान्याचा डाग आणि नंतरचा डाग यांत चमक वेगळी, आकार वेगळा. वायरचं आवरण वितळून मागे सरकलेलं दिसलं तर तिथे दुसऱ्यांदा सोल्डरिंगची इस्त्री लागली आहे. पॉटच्या पाठीवर दोन थरांचं सोल्डर, एक मळकं आणि वर एक चकचकीत, म्हणजे काहीतरी काढून परत लावलंय. स्क्रूच्या खाचा बघा: अकरापैकी नऊ गंजके आणि दोन नवे असतील तर त्या दोनांपाशी कुणाचं तरी काम झालंय. जिथे परकं काम, तिथे पावसाळी दोष असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. जुन्या गिटारीचं मूळपण तपासणारा माणूस याच जागा बघतो, त्यामुळे एका बैठकीत दोन्ही कामं होतात.

दुरुस्ती नशिबाने सोपी होती, कारण गेलेलं टोक वेटोळ्यांच्या बाहेरचं निघालं. बाहेरच्या टोकाचं एखादं वेटोळं उलगडून ताजी तार मिळते. आतलं टोक, चुंबकाला लागून असलेलं, खाल्लं गेलं असतं तर पूर्ण तार उतरवून नव्याने गुंडाळावी लागली असती. बाहेरच्या टोकाला लागणारं सामान: इयरबड, मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर, तपकीर गल्लीतून आयसोप्रोपिल अल्कोहोल, रोझिन भरलेली ६०/४० सोल्डर वायर, पंचवीस वॅटची बारीक टोकाची इस्त्री, आणि भिंग. आधी जुना डाग शोषून काढला. डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलसर केलेल्या बडने आयलेट पुसला, मग अल्कोहोलने, तीनदा. वेटोळ्यांवर एक थेंब जाऊ दिला नाही, त्यांच्यावरच्या थरावर अल्कोहोलचा भरवसा धरवत नाही. तारेवर इनॅमल असतं, ते इस्त्रीच्या उष्णतेने जाईल असं समजू नका. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरमध्ये टोक धरून एकदा अलगद ओढायचं. मग आयलेटमधून तार घेऊन एका सेकंदाचा डाग. माझा हात आता पूर्वीसारखा स्थिर नाही, कोपर टेबलाला टेकवून श्वास धरला. मीटरवर ५.८.

हे काम आधी भंगारातल्या पिकअपवर करून बघा. आप्पांसारख्यांच्या गिटारीवर शिकू नका.

पुढचा प्रश्न बदललेल्या सामानाचा. नातवाने ऑर्केस्ट्राची ट्रंक उघडली तर तिच्यात एका बिस्किटाच्या डब्यात जुना स्विच निघाला, तीन घरांचा, म्हणजे दांडी तीन जागी थांबणारा. १९७७ मध्येच फेंडरने पाच घरांचा स्विच द्यायला सुरुवात केली, त्यामुळे या सालच्या गिटारीत दोन्हींपैकी कुठलाही असू शकतो. नुसत्या सालावरून निकाल लागत नव्हता. पण डब्यातल्या स्विचच्या पायांना वायरची कापलेली टोकं चिकटून होती आणि ती रंगाने, जाडीने गिटारीतल्या वायरींशी जुळली. एकाच वायरचे दोन तुकडे. म्हणजे हाच मूळचा. आप्पा सांगतात, ते दोन घरांच्या मध्ये आगकाडी अडकवून दोन पिकअपचा एकत्र आवाज काढायचे. जगभर लोक तेच करत होते, म्हणून तर पाच घरं आली.

मूळ स्विच परत बसवायचा का? मी नाही बसवला. पोराला पाच घरं हवीत, नवा स्विच त्याच भोकांत बसलाय, एक कणही लाकूड कापलेलं नाही. जुना स्विच कागदात गुंडाळून केसच्या कप्प्यात. उद्या कुणाला परत बसवायचा झाला तर अर्ध्या तासाचं काम. ५०० चा व्हॉल्यूम पॉट मात्र काढला आणि २५० चा नवा घातला. कुणीतरी सुचवलं की १९७६ चे आकडे असलेला जुना पॉट बाहेरून मागवता येईल. मागवता येतो. पण दुसऱ्या गिटारीच्या पोटातला पॉट आणून हिचा म्हणून बसवायचा आणि विकताना गप्प बसायचं, याला मी दुरुस्ती म्हणत नाही. नव्या पॉटवर बसवल्याचा महिना मार्करने लिहून ठेवला आहे.

कुठलं सामान बदललं तर चालतं यावर भांडणं होतात. तारा, नट (डोक्याजवळ तारा टेकतात ती खाचांची पट्टी), फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) यांना मी गाडीच्या टायरांसारखं धरतो. वाजवलेल्या गिटारीचे फ्रेट झिजणारच, आणि चांगल्या हाताने बदललेले फ्रेट मला खुपत नाहीत, जरी विकत घेणारे त्याचेही पैसे कापतात. पिकअप, पॉट, वायरींचा जुडगा आणि रंग, हे खरं भांडवल. रंगाचं तर विचारू नका. बाजाराचा ढोबळ ठोकताळा असा की पुन्हा रंगवलेली जुनी गिटार मूळ रंगातल्या गिटारीच्या निम्म्या किमतीला जाते. आणि आपल्याकडे लोक फर्निचरवाल्याकडून डायनिंग टेबलासोबत गिटारही पॉलिश करून घेतात! मी अशी एक बघितली आहे. टेबलाशी मॅचिंग होती, एवढं कबूल करावं लागेल. कोलकात्याची गिव्हसन असली तरी हेच सांगेन, तिच्या मूळ रंगाला आज कुणी विचारत नसेल म्हणून तो खरवडायचं कारण नाही.

पॉट आणि स्विच खरखरत असतील तर बदलण्याआधी धुवा. कॉन्टॅक्ट क्लीनर, थोडं वंगण मागे ठेवणारा, पॉटच्या पायांशेजारच्या फटीतून एक फवारा, मग बटण पन्नास वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत. सायकलच्या चेनला मारतो तो स्प्रे नको. तो आज खरखर थांबवतो आणि मागे राहिलेल्या तेलावर वर्षभर धूळ गोळा करतो. गिटारीच्या अंगावर कापड टाकून मगच फवारा.

ठेवण्याबद्दल थोडं. केसमध्ये डांबराच्या गोळ्या टाकू नका, जुन्या प्लास्टिकला आणि लाखेला त्यांची वाफ मानवत नाही. निळ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. गुलाबी झाल्या की जेल कोरड्या कढईत मंद आचेवर भाजलं की पुन्हा निळं होतं. छोटा हायग्रोमीटर केसमध्ये ठेवला तर ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास काटा राहील एवढं बघा. मेमध्ये पुड्या काढून ठेवा, तेव्हा लाकडाला उलट ओल हवी असते. बाहेरच्या भिंतीला टेकून केस उभी करू नका. पेठेतल्या मातीच्या भिंती जुलैत घाम गाळतात. दिव्याने शेकायचा आप्पांचा उपाय जाड पॉलिस्टरच्या गिटारीने सोसला. नायट्रोच्या पातळ लाखेवर दोनशेचा दिवा कधीही लावू नका, तडे जातील.

आणि कागद ठेवा, खरा कागद. आप्पांच्या केसमध्ये एक वही टाकली आहे. तिच्यात पॉटचे आकडे, पिकअपखालचे शिक्के, कुठलं सामान मूळचं आणि कुठलं केव्हा बदललं, कापलेल्या वायरींच्या टोकांचा फोटो. राजदूतची हकिगत आप्पांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली, पावती नसताना तीच पावती. शेवटच्या पानावर नातू दर रविवारी तिन्ही पिकअप मोजून आकडे लिहितो. ऑगस्टभर मधला ५.८ वर राहिला, गणपतीतही. दिवा लागला नाही.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. पिकगार्ड बंद करता करता भिंगातून दिसलं की गळ्याकडच्या पिकअपच्या काळ्या वायरपाशी सुईच्या टोकाएवढा हिरवा ठिपका आहे. तो डाग कारखान्याचा, कुणी कधी न छेडलेला. पोरगा म्हणाला, "काका, उघडलीच आहे तर तोही करून टाका." फोटो काढला, वहीत लिहिलं आणि स्क्रू घट्ट केले. आकडा ५.७ आहे तोवर त्याला हात लावणार नाही.